छाती न फाडता

बापाने पोरीचं ऑपरेशन नाकारलं असं ऐकलं, की तुम्ही आधी कुणाला शिव्या देता?

बापालाच ना? मीही देत होतो. अडाणी, भित्रा, पोरगी आहे म्हणून हात आखडता घेणारा, ही विशेषणं माझ्या जिभेवर तयार असायची. अशा बापांवर मी दोन पत्रकं लिहून छापली होती. मग माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याने आपल्या पोरीचं हृदयाचं ऑपरेशन नाकारलं आणि तिला मुंबईच्या हॉस्पिटलातून उचलून घरी आणलं. त्यात चूक कुणाची, हे शोधत शोधत मी ज्या माणसाशी येऊन थांबलो, तो मीच निघालो. हे लिहायला जड जातं. तरी लिहितो, कारण ती चूक अजून गावोगाव हिंडते आहे.

आमचं घर वाशीमचं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. छप्पन सालच्या दीक्षेनंतर घरातले देव गेले आणि त्यांच्या रिकाम्या कोनाड्यात पत्रकं येऊन बसली. गुलाबी, पिवळा, पातळ कागद. हाताला शाई लागायची. मी अक्षरं गिरवली ती त्यांच्यावरूनच. ‘आई’ लिहिता येण्याआधी मला ‘बंधूंनो’ लिहिता येत होतं, असं वडील चेष्टेने सांगत. मोठा झालो तशी मीही पत्रकं लिहू लागलो. सभेत बोलायला मी कधी उठत नसे, कागदावर मात्र मी कुणाला ऐकत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील जवळच्या जऊळका गावी जाऊन विहारात मोठ्या माणसांचा वर्ग घ्यायचे. पुस्तकं नव्हती, म्हणून पत्रकंच वाचायला द्यायचे. त्या वर्गात एक तरणाबांड शेतमजूर शिकायला आला. दिवसभर नांगरणी-वखरणी करून यायचा आणि ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायचा. दोन उन्हाळ्यांत तो वाचायला शिकला, पुढे ग्रामपंचायतीत शिपाई लागला, आणि वडिलांनी त्याला आपली मोठी मुलगी दिली. हा माझा भाऊजी.

त्याला अडाणी म्हणणारा माणूस खोटं बोलेल. पंचायतीची दवंडी देणं, नोटिसा खळ लावून भिंतीवर चिकटवणं हे त्याचं काम. मंगळवारी लिलाव असं नोटिशीत छापलेलं असलं की मंगळवारीच लिलाव व्हायचा. देवी टोचायला माणूस येणार असं छापलं की यायचा. सरपंच तोंडाने दहा गोष्टी सांगायचा आणि त्यातली एक व्हायची. म्हणून भाऊजी म्हणायचा, “बोललेलं वाऱ्यावर जाते. छापलेलं राह्यते.” पौर्णिमेला वंदना झाली की विहारात नवं पत्रक वाचून दाखवायचा मान त्याचा. तो प्रत्येक पत्रक तीनदा वाचायचा. “एकदा वाचलं तं कानात जाते, दुसऱ्यांदा डोक्यात, तिसऱ्यांदा घरात,” असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या वेळी लहान पोरंसुद्धा त्याच्याबरोबर ओळी म्हणत.

त्याला पहिली मुलगी झाली. रंगाने उजळ, डोळे मोठे, अंगाने मात्र काडी. दूध पिताना दमायची, कपाळावर घाम यायचा. दर पावसाळ्यात छाती भरायची. ताई तिला उराशी धरायची तेव्हा पोरीच्या डाव्या छातीत काहीतरी घुरघुरताना तिच्या हाताला लागायचं. “हिच्या छातीत मांजर निजली हाये,” ताई म्हणायची. सासूने ते कौतुक समजून शेजारणींना हात लावून पाहायला बोलावलं. गावातल्या डॉक्टरने चार वर्षं खोकल्याचं लाल औषध दिलं. त्याने तिच्या छातीला नळी लावलेली मला आठवत नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी पोरगी चार वर्षांची होती. एक दिवस ती अंगणातून ओसरीवर चढताना मधेच खाली बसली आणि म्हणाली, “मामा, पाय पुरत नाई.” मी तिला आणि ताईला घेऊन अकोल्याला गेलो.

तिथल्या डॉक्टरने बराच वेळ ऐकलं. मग आणखी दोघांना बोलावून त्यांनाही ऐकवलं. मला बाजूला घेऊन कागदावर दोन जाड नळ्या काढल्या आणि मधे एक बारीक नळी जोडली. म्हणाला, “आईच्या पोटात असताना बाळ श्वास घेत नाही. म्हणून हृदयाजवळच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांमधे ही वाट उघडी असते. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. हिची मिटली नाही. रक्त चुकीच्या वाटेने फुप्फुसात जातं. मुंबईला न्या. ते मांडीतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत जातील, आतला दाब बघतील आणि मग ती वाट बांधतील.”

हे सगळं एका दमात सांगितलं गेलं, आणि मी एका दमात ऐकलं. माझ्या मनात राहिलं ते एवढंच: मांडीतून नळी, थेट हृदयापर्यंत.

घरी येऊन सांगितलं तेव्हा भाऊजीने एकच प्रश्न विचारला.

“छाती फाडतात का?”

“ऑपरेशन म्हटलं म्हणजे थोडंफार...”

“मंग नाई.”

“भाऊजी, पोरगी मरेल.”

“मरन कोन पाह्यलं? फाडलेलं मी पाह्यलं हाये.”

ते खरं होतं. विहिरीत पडून मेलेल्या एका माणसाचं शवविच्छेदन गावाबाहेर लिंबाखाली झालं होतं, आणि पंचायतीचा शिपाई म्हणून पाण्याच्या घागरी घेऊन तो तिथं उभा होता. गळ्यापासून बेंबीपर्यंत चिरलेला आणि गोणपाटासारखा शिवलेला माणूस त्याने पाहिला होता. त्यानंतर कित्येक दिवस त्याला जेवण गेलं नव्हतं. ऑपरेशन म्हणजे ते, एवढंच चित्र त्याच्याजवळ होतं. मी भूल, टाके, शास्त्र असं काय काय बोललो. त्याने शेवटी हसून टोमणा मारला, “साळेसाहेब, तुमी तोंडानं लय सांगता. छापून आना, मंग पाहू.”

तो थट्टेत म्हणाला. मी ते आव्हान समजलो.

वाशीमच्या वाचनालयात एका मासिकात मला हवं ते मिळालं. परदेशातल्या एका डॉक्टरने मांडीतल्या शिरेतून बारीक नळी नेली होती आणि त्या नळीवाटे एक लहानसं बूच सरकवून नेमकी अशीच उघडी वाट बंद केली होती. छातीला सुरीसुद्धा लावली नव्हती. मी तो लेख उभ्यानेच वाचला. त्यात पुढे लिहिलं होतं की हा प्रकार सध्या मोठ्या माणसांवर आणि मोठ्या मुलांवरच होतो, कारण लहान मुलांच्या मांडीतली शीर फार बारीक असते; आपल्याकडे तो अजून आलेला नाही. तेही मी वाचलं. वाचलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

आणि पत्रक लिहिलं. मथळा होता ‘लहान मुलांच्या हृदयरोगाला भिऊ नका’. चौथी ओळ होती, ‘आता छाती न फाडता, मांडीच्या शिरेतून हृदय दुरुस्त होते’. तिच्याखाली दोन बारीक ओळी होत्या: परंतु ही पद्धत नवी आहे, परदेशात आहे, लहान मुलांना अजून लागू नाही. सगळ्यात खाली जाड अक्षरात, ‘जागे व्हा, शास्त्राची कास धरा’.

छापखान्याचा मालक म्हातारा होता, स्वतःच शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. चौकट आवळता आवळता म्हणाला, “लेखकराव, दोन ओळी उरून राह्यल्या. एक तं हे परंतुवालं काढा, नाई तं खालचं जाड काढा.”

“कागद मोठा घेतला तर?”

“कापून ठेवला ना बापा. आता सांगता?”

मी क्षणभर पाहिलं. खालचं जाड मला आवडत होतं. त्याच्यावाचून पत्रक पत्रकच वाटलं नसतं.

“जाड राहू द्या.”

“परंतु काढू?”

“काढा.”

“बराबर हाये,” तो म्हणाला. “पत्रकात परंतु शोभत बी नाई.” त्याने चिमट्याने खिळे उचलून पेटीत टाकले. दोन ओळींचे खिळे, मूठभरही नव्हते.

भाऊजीने ते पत्रक पौर्णिमेला तीनदा वाचलं. चौथ्या ओळीशी त्याने कागदावर बोट ठेवलं. वाचून झाल्यावर त्याने ते चौघडी करून खिशात घातलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “माह्या पोरीले मी नेतो. हे आता छापलेलं हाये.” विहारात बायका रडल्या. मला वाटलं, शब्दाने माणूस बदलतो तो असा. त्या दिवशी मी जितका खूश होतो तितका पुन्हा कधी झालो नाही.

पत्रकं आजूबाजूलाही गेली. मंगरूळपीरच्या दर्ग्याच्या उरुसात मी स्वतः वाटली, रिसोडच्या बाजारात एका मित्राने वाटली. लोक माझ्या हातून कागद घ्यायचे आणि मी फुगायचो.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो. जऊळक्याहून अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने अकोला, तिथून मुंबई. भाऊजी, ताई, पोरगी आणि मी. हॉस्पिटलात आधी कागद करायच्या रांगेत, मग चिठ्ठीच्या रांगेत, मग फोटोच्या रांगेत, असे आठ-नऊ दिवस गेले. पोरीला वॉर्डात खाट मिळाली, आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात राहिलो. भाऊजीने एकदाही कुरकुर केली नाही. शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या बापाला त्याने पत्रक वाचून दाखवलं, अर्थातच तीनदा.

मग तो दिवस आला. पोरीला आत नेलं, दोनेक तासांनी बाहेर आणलं. जांघेजवळ पट्टी, बाकी अंग तसंच. भाऊजीने तिचा झगा वर करून छाती पाहिली, पाठ पाहिली, कुठं ओरखडा नव्हता. तो बाहेर गेला आणि बत्ताशांचा पुडा घेऊन आला. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवर दोन दोन बत्तासे ठेवत गेला.

मी त्याला थांबवायला हवं होतं. ही नुसती तपासणी असावी अशी शंका मला आली होती. पण मलाही ते खरं व्हायला हवं होतं. मीही एक बत्तासा खाल्ला.

दुसऱ्या सकाळी डॉक्टरीणबाई आल्या. चाळिशीच्या, दमलेल्या, मागे शिकाऊ मुलांचा घोळका.

“कसले हो बत्तासे?”

“पोरीचं काम झालं ना बाई, म्हनून.”

“काम नाही झालं. तपासणी झाली. फुप्फुसातला दाब वाढलाय, पण अजून वेळ आहे. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात.”

“कुठून करान?”

त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं आणि डाव्या फऱ्याखालून, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाखालून, बगलेकडे हवेतच बोट फिरवलं. “इथून.”

भाऊजीने खिशातून पत्रक काढलं, उलगडलं, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. पंचायतीत तो तलाठ्याला नोटीस दाखवायचा, अगदी तसं. “बाई, इथं छापलं हाये. छाती न फाडता.”

त्यांनी ते पूर्ण वाचलं. “हे कुणी लिहिलं?”

भाऊजीने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत तेव्हाही अभिमान होता, ते मला जास्त लागतं.

“मी,” मी म्हणालो.

“कुठं वाचलंत?”

मी मासिकाचं सांगितलं.

“तिथं लहान मुलांबद्दल काही नव्हतं?”

“होतं.”

“मग?”

“जागा नव्हती.”

शिकाऊ मुलांपैकी कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. “समजवा त्यांना,” एवढं म्हणून पुढच्या खाटेकडे गेल्या. पुढे चाळीस खाटा होत्या, हे मला कळतं. तरी त्या दोन शब्दांचा राग अजून गेलेला नाही. समजवायचं मी? ज्याने आताच सगळ्यांसमोर कबूल केलं की आपण अर्धं लिहिलं, त्याने? त्या वॉर्डात सुरी किती आत जाते, हाड कापतात की नाही, पोरगी जागी कधी होते, हे एका बापाला खाली बसून सांगणारा एक माणूस नव्हता. भिंतीवर ‘शांतता राखा’ तेवढं छापलेलं होतं.

व्हरांड्यात मी भाऊजीला म्हणालो, “मी चुकलो. ते पूर्ण नव्हतं. मांडीतून करतात ते मोठ्या माणसांवर, आणि तेही परदेशात.”

“त्या बाईनं डोळे वटारले म्हनून पलटले तुमी.”

“नाही भाऊजी, खरंच.”

“मले समजत नाई का? पैसेवाल्याच्या पोरीले मांडीतून, आपल्या पोरीले चाकू. शिकाऊ डॉक्टराईले हात साफ कराले गरिबाचीच लेकरं सापडतात.”

ते शेवटचं वाक्य माझं होतं. आदल्या वर्षीच्या पत्रकातलं, शब्द न् शब्द. तेही त्याने विहारात तीनदा वाचलं होतं.

ताई म्हणाली, “अहो, थांबून तं पाहू.”

“तू चूप राह्य. छापलेलं एक अन् करते दुसरंच, अशा जागी मी माही पोरगी नाई ठेवत.”

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परत निघालो. निघण्याआधी मी धावत जाऊन बाईंना जिन्यात गाठलं. त्या म्हणाल्या, “आज ती वाट बांधली तर पोरगी बरी होईल. दाब असाच वाढत गेला तर एक दिवस असा येईल की मग बांधून उपयोग नाही. तो दिवस कधी येईल हे कुणाला सांगता येत नाही. आणा तिला परत.”

परत आणायला दीड वर्ष लागलं.

त्या दीड वर्षात मी काय केलं? दुसरं काय येतं मला? मी दुरुस्तीचं पत्रक छापलं. त्यात जाड अक्षर नव्हतं, घोषणा नव्हती, चौथी ओळ चुकीची होती एवढं साधं लिहिलं होतं. भाऊजीने ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. “दोन्ही तुमचेच. छापखाना बी एकच. आता मी लोकाईले हे तीनदा वाचू का ते तीनदा वाचू?” विहारातले म्हातारे म्हणाले, पहिलंच चांगलं होतं. दुसरं त्याने वाचलं नाही. ज्यांना मी हाताने दिलं त्यांनी त्यात चुना-तंबाखू बांधली.

मी चिडून तोंडी सांगत सुटलो. लोक म्हणायचे, “तूच तं लिवलं होतं ना बे?” तालुक्याच्या डॉक्टरकडे गेलो, म्हणालो जऊळक्याला एकदा चला, भाऊजीला तुम्ही सांगा. तो म्हणाला, इथं घेऊन या. भाऊजी म्हणाला, मी कायले येऊ, मी बिमार हाये का? असे महिने गेले. पोरगी शाळेत बसली, पण शाळेपर्यंत ताई तिला कडेवर नेई. सहाव्या वर्षी कडेवर. पोरं चिडवायची. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी तिचं दुखणं महिनाभर चाललं.

त्या दुखण्यातून ती उठली तेव्हा ताईने मला बोलावून घेतलं. ताईला वाचता येत नाही. वडील गावोगावच्या माणसांना शिकवत हिंडले, घरातली मुलगी राहून गेली. त्यावर आमच्या घरात कुणी पत्रक काढलं नाही.

ती म्हणाली, “मले सांग, कुठून कुठलोक कापतात?”

“फऱ्याखाली, पाठीकडून.”

“किती बोटं?”

मला माहीत नव्हतं.

“हाड तोडतात का?”

माहीत नव्हतं.

“हिरदं उघडं पडते का?”

“नसेल बहुतेक.”

“बहुतेक कायले? तू तं यावर छापलं होतं ना.” ती रागाने बोलली नाही, म्हणून ते जास्त झोंबलं. “त्या बाईले चिठ्ठी लिव. हेच विचार, अन् मी सांगते तेवढंच लिव. तुह्यं काही घालू नोको.”

मी लिहिलं. ताई एकेक प्रश्न सांगत गेली, मी एकेक उतरवत गेलो. उत्तर येईल असं मला वाटलं नव्हतं. तीन आठवड्यांनी आंतर्देशीय पत्र आलं. घाईतलं अक्षर होतं, पण सगळं होतं. चीर डाव्या फऱ्याखाली पाठीकडून बगलेकडे, मोठ्या माणसाची सहा-सात बोटं. छातीचं मधलं हाड कापत नाहीत, दोन फासळ्यांच्या मधून जातात. हृदय उघडत नाहीत, थांबवतही नाहीत. त्याच्याजवळची ती वाट धाग्याने बांधतात. पोरगी त्याच दिवशी शुद्धीवर येते. पाठीवर वण राहतो. शेवटी लिहिलं होतं, आईने एवढं विचारलं याचा आनंद झाला, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं.

भाऊजीने पत्र पाहिलं. “हे तं हातानं लिवलं हाये.”

“म्हनूनच मले खरं वाटते,” ताई म्हणाली. “छापलेलं साऱ्या दुनियेसाठी असते. हे माह्या पोरीसाठी लिवलं.”

“अन् काही झालं तं?”

“झालं तं मी पाहीन. आता बी मीच पाहून राह्यली ना.”

त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ताईने लुगडी बांधली आणि ती, पोरगी आणि मी असे तिघं गेलो. संमतीच्या कागदावर तिने अंगठा उठवला. पुन्हा मांडीतून तपासणी झाली. बाई बाहेर आल्या. “दाब बराच चढलाय. जेमतेम वेळेत आलात. मी करते, पण फुप्फुसाला जेवढा त्रास व्हायचा तेवढा झालाय. तो किती भरून निघेल ते आज सांगत नाही.”

ऑपरेशन झालं. पोरगी त्याच संध्याकाळी शुद्धीवर आली आणि पाणी मागू लागली. ताईने तिच्या छातीवर तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला. आत काही घुरघुरत नव्हतं. ताई त्या शांततेनेच घाबरली, मला म्हणाली, “पाह्य बरं, चालू हाये ना?”

पाचव्या दिवशी भाऊजी आला. कुणी बोलावलं नव्हतं. पट्टी बदलायला बाई आल्या होत्या. त्याने पोरीच्या पाठीवरची चीर पाहिली, टाके पाहिले, आपली बोटं शेजारी धरून मोजली.

“एवढंच?”

“एवढंच,” मी म्हणालो.

तो माझ्याकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यावर ओरडला. “एवढंच होतं तं तेव्हाच काहून नाई सांगितलं असं? सहा बोटं, पाठीकून, हाड तोडत नाई. मी काय जनावर हाये का, समजलं नसतं मले? मांडी कायले दाखवली?”

मला त्याला पटवायचं होतं, सांगायचं नव्हतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला इतक्या पत्रकांत कुणी शिकवलं नव्हतं.

पोरीला आता सातवं वर्ष लागलं आहे. चालत शाळेत जाते. पळते मात्र फार थोडी, आणि ओठ कधी कधी गडद होतात. दर सहा महिन्यांनी मुंबईला दाखवायचं आहे. त्या दीड वर्षात तिच्याकडून काय गेलं आणि त्यातलं काय परत येईल, हे बाई अजूनही सांगत नाहीत. भाऊजी माझ्याशी बोलतो, पण पौर्णिमेला वाचायचं त्याने सोडून दिलं. त्याचं मला पोरीच्या खालोखाल वाईट वाटतं.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी ती माझ्यापाशीच ठेवली असती. पण गेल्या महिन्यात रिसोडकडचा एक माणूस मला शोधत वाशीमला आला. त्याच्या हातात ते पहिलं पत्रक होतं, घड्यांवर फाटलेलं, मागून भाताच्या शिताने चिकटवलेलं. त्याचा पोरगा तीन वर्षांचा. डॉक्टरने मुंबईला जा म्हटलं होतं, पण ते छातीचं बोलले, म्हणून हा थांबला होता. “मांडीवालं आपल्याकडं कधी येईन जी? तवालोक मी थांबतो,” म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. बाईंचं पत्र वाचून दाखवलं. त्याने मान डोलावली, पत्रकाची जपून घडी केली आणि म्हणाला, “छापलं हाये तं येईनच कधी ना कधी.” मी ते त्याच्या हातून मागितलं. त्याने दिलं नाही.

येईलही कधीतरी. तो लेख खोटा नव्हता. पण ती सोय यायला किती वर्षं लागतील ते मला माहीत नाही, आणि त्याच्या पोराला तितकी वर्षं नाहीत.

म्हणून वाशीम, मंगरूळपीर, रिसोड, जऊळका या बाजूला राहणाऱ्या तुम्हाला माझी विनंती आहे. ते पत्रक तुमच्या घरात असेल तर आज बाहेर काढा. चौथी ओळ पेनाने आडवी खोडा, आणि ज्यांना ज्यांना ती वाचून दाखवली असेल त्यांच्या घरी स्वतः पायी जा. कागद पाठवू नका. समोर बसून सांगा, की पाठीकडून सहा-सात बोटं, हाड तोडत नाहीत, आणि थांबायचं नाही. विचारतील त्याचं उत्तर ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा, आणि त्यांना घेऊन ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे जा.